अंतराळात हरवलेली पर्सिस

माझा भाचा हिंजवडीत संगणकाच्या एका कंपनीत नोकरीला आहे. काम अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे, त्यामुळे घरातली माणसे जेवून अंथरुणे घालायला लागली की याचा दिवस सुरू होतो. गेल्या दिवाळीत तो घरी आला, फराळाची बशी शेजारी ठेवून त्याने आपला संगणक उघडला आणि पडद्यावर एका बाईचे छायाचित्र उमटले. डोक्यावर एकही केस नाही. रेखीव भुवया, मोठे काळेभोर डोळे, उंच मान, अंगात पांढरा आखूड झगा आणि गळ्याच्या खळगीत लाल दिवा. भाच्याला अंतराळपटांचा नाद. ही इलिया, ही परग्रहावरची, असे तो मला मोठ्या उत्साहाने समजावून सांगू लागला. मी विचारले, ते सगळे ठीक, पण ही बाई खरी कुठली? त्याला वाटत होते इजिप्तची असेल, नाहीतर ब्राझीलची. मी म्हटले, ही आपल्या मुंबईची. पारशी. आडनाव खंबाटा. त्याच्या हातातली चकली तोंडापाशीच थांबली.

पर्सिस खंबाटा हे नाव आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांना आठवते, तेही अर्धवट. तीच ना ती, जिने इंग्रजी सिनेमासाठी डोके भादरले, एवढीच तिची ओळख उरली आहे. एखाद्या नटीला एका भूमिकेने जगभर नेले आणि त्याच भूमिकेने तिला तिथेच सोडून दिले, याचे इतके ठसठशीत उदाहरण आपल्याकडे दुसरे नाही.

पर्सिसचा जन्म २ ऑक्टोबर १९४८ चा, मुंबईतला. घर मध्यमवर्गीय. ती दोन वर्षांची असतानाच वडील घर सोडून गेले. तेराव्या वर्षी एका नावाजलेल्या छायाचित्रकाराने तिची सहज म्हणून काही छायाचित्रे काढली आणि ती एका साबणाच्या जाहिरातीत झळकली. जाहिरात गाजली. शाळकरी वयातल्या मुलीला आपला चेहरा हे एक भांडवल आहे याचा शोध असा अचानक लागला. त्या चेहऱ्याभोवती दाट, लांब, काळेभोर केस होते हे इथे सांगून ठेवले पाहिजे.

‘फेमिना’ मासिकाची मिस इंडिया स्पर्धा तेव्हा नुकती सुरू झाली होती. १९६४ साली पहिला मुकुट मेहेर मिस्त्री हिला मिळाला आणि १९६५ साली दुसरा पर्सिसला. म्हणजे पहिल्या दोन्ही मुली पारशी. त्या काळात मध्यमवर्गीय हिंदू घरातल्या मुलीला पोहण्याच्या पोशाखात परीक्षकांपुढे चालायला कोण पाठवणार होते? मुकुट मिळाला तेव्हा पर्सिस सतरा वर्षांचीही नव्हती. त्याच वर्षी ती मायामी बीचला विश्वसुंदरी स्पर्धेसाठी गेली. आज अशा मुलीमागे कपडे शिवणारे, चालायला शिकवणारे, दात नीट करणारे, उच्चार घासूनपुसून घेणारे अशी फौज असते. पर्सिस ऐनवेळी मिळतील ते तयार कपडे घेऊन गेली होती. किताब थायलंडच्या मुलीला मिळाला, आणि तिचे नाव होते अप्सरा! पुढच्याच वर्षी मूळ गोव्याच्या, पण मुंबईत डॉक्टरकी शिकणाऱ्या रीटा फारियाने लंडनला जगत्सुंदरीचा मुकुट जिंकला आणि तो बाजूला ठेवून ती पुन्हा वैद्यकीच्या पुस्तकांकडे वळली. पर्सिसपाशी मागे वळायला अशी दुसरी वाट नव्हती. चेहऱ्यावर पोट भरायचे होते.

१९६७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी तिला ‘बंबई रात की बाहों में’ या चित्रपटात घेतले. भूमिका रात्रीच्या क्लबात गाणाऱ्या लिलीची. अब्बास म्हणजे सामाजिक आशयाचे, कमी पैशात सिनेमा काढणारे दिग्दर्शक. दोनच वर्षांनी अमिताभ बच्चन नावाच्या उंच तरुणाला ‘सात हिंदुस्तानी’त पहिली संधी त्यांनीच दिली. पर्सिसच्या बाबतीत मात्र पुढे काही घडले नाही. हिंदी सिनेमाची त्या काळची नायिका साडीत रडणारी असायची, आणि पाश्चात्त्य वळणाची, इंग्रजीत विचार करणारी मुलगी म्हणजे नायकाला मोहात पाडणारी क्लबातली बाई. पर्सिसला आयुष्यभर अशीच भूमिका करावी लागली असती. तिने जाहिराती केल्या, विमान कंपनीसाठी मॉडेलिंग केले आणि लंडनची वाट धरली.

लंडनमध्ये तिला मॉडेलिंगचे काम मिळाले, आणि १९७५ साली एकाच वर्षात तिचे दोन चित्रपट आले. ‘कंडक्ट अनबिकमिंग’ हा ब्रिटिश अमदानीतल्या हिंदुस्थानातल्या एका लष्करी पलटणीची गोष्ट सांगणारा, मायकेल यॉर्क, रिचर्ड अटेनबरो, ट्रेव्हर हॉवर्ड अशी मातब्बर मंडळी असलेला. दुसरा ‘द विल्बी कॉन्स्पिरसी’, दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाच्या पार्श्वभूमीवरचा, सिडनी पॉटिए आणि मायकेल केन यांचा. त्यात तिच्या पात्राचे नावच पर्सिस होते, डॉक्टर पर्सिस रे. भूमिका लहान होत्या, पण ज्यांच्याबरोबर उभे राहायचे ती माणसे मोठी होती.

इथे मर्ल ओबेरॉनची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. मर्लही मुंबईतच जन्मलेली, १९११ साली. हॉलिवूडमध्ये ती पहिल्या फळीची नायिका झाली, १९३५ च्या एका चित्रपटासाठी तिला ऑस्करचे नामांकन मिळाले. परंतु आपल्या अंगात हिंदुस्थानी रक्त आहे हे तिने जन्मभर लपवले. आपण ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर जन्मलो, असे ती जगाला सांगत राहिली. खरे काय ते बाहेर आले तिच्या मृत्यूनंतर. त्या मानाने पर्सिसने काय केले पाहा. अमेरिकन जिभेला वळवताना त्रास व्हावा असे ते खंबाटा आडनाव, खंभातच्या पूर्वजांची खूण सांगणारे, तिने जसेच्या तसे ठेवले. बदलायला कोणी सुचवले नसेल असे वाटत नाही.

आता ‘स्टार ट्रेक’. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जीन रॉडनबेरी नावाच्या लेखकाने ही दूरचित्रवाणी मालिका १९६६ साली अमेरिकेत सुरू केली. ‘एंटरप्राइझ’ नावाचे अंतराळयान, त्याचा कॅप्टन कर्क, टोकदार कानांचा, भावनांना थारा न देणारा मिस्टर स्पॉक, आणि यानावर सगळ्या वंशांची माणसे गुण्यागोविंदाने काम करणारी. तीन वर्षांत ७९ भाग झाले आणि प्रेक्षक कमी म्हणून ती १९६९ मध्ये बंद पडली. पण पुन:प्रक्षेपणात तिने असा काही जोर धरला की तिच्या चाहत्यांचा एक पंथच तयार झाला. आपल्याकडे ती दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दाखवत, तेव्हा चहाचे कप हातात घेऊन घरेच्या घरे ती बघत बसत.

१९७७ साली पॅरामाउंट कंपनीने ठरवले की आपली स्वत:ची दूरचित्रवाणी वाहिनी काढायची आणि तिच्यावर नवी ‘स्टार ट्रेक’ मालिका दाखवायची. या नव्या मालिकेत एक नवे पात्र होते. डेल्टा ग्रहावरची इलिया, यानाची दिशा सांभाळणारी अधिकारी. तिच्या ग्रहावरच्या लोकांना डोक्यावर केस नसतात, आणि दुसऱ्याच्या मनातली वेदना तिला कळते. या भूमिकेसाठी पर्सिसची निवड झाली. करार पाच वर्षांचा होता. डोके पूर्ण भादरावे लागेल हे रॉडनबेरीने आधीच बजावले होते. तिने होकार दिला.

करार मालिकेचा होता, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. दर आठवड्याला नवा भाग, दर आठवड्याला इलियाचा एखादा नवा पैलू. पाच वर्षे अमेरिकेच्या घराघरांतल्या दिवाणखान्यात एक भारतीय मुलगी येऊन बसणार होती. पण त्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’ आला, पाठोपाठ ‘क्लोज एन्काउंटर्स’ आला, आणि अंतराळात किती पैसा आहे ते साऱ्या हॉलिवूडला दिसले. पॅरामाउंटची वाहिनी बारगळली. मालिकेचा गाशा गुंडाळला गेला आणि तिच्या पहिल्या भागासाठी योजलेल्या गोष्टीचा भव्य चित्रपट करायचे ठरले. ‘वेस्ट साइड स्टोरी’ आणि ‘साउंड ऑफ म्युझिक’ करणारे रॉबर्ट वाइज दिग्दर्शक, विज्ञान सल्लागार साक्षात आयझॅक असिमॉव्ह, आणि शेवटी खर्च सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर. पर्सिसला तेव्हा आभाळ ठेंगणे झाले असेल. छोट्या पडद्यावरून एकदम मोठ्या पडद्यावर! यात आपले काय हरवले ते कळायला पुढे काही वर्षे जावी लागली.

चित्रीकरण ऑगस्ट १९७८ मध्ये सुरू झाले. रंगभूषाकार फ्रेड फिलिप्स यांनी तिचे केस उतरवले. ते त्यांनी काही काळ जपूनही ठेवले होते म्हणतात. सुरुवातीला तिला त्याचे काही वाटले नाही. बाहेर जाताना टोपी घालायची, एवढेच. पण एकदा केस उतरवून भागत नाही, दुसऱ्या दिवशी खुंट वर येतात. वस्तरा रोज फिरू लागला, महिनोन् महिने, आणि तिच्या मनात धास्ती शिरली की आता हे परत उगवतीलच ना? तिच्या केसांचा विमा उतरवावा अशीही कल्पना रॉडनबेरीने काढली. त्यात प्रसिद्धीचा डाव होताच. पण वकील मंडळी बिचकली. नवे केस अगदी पूर्वीसारखेच आले की नाही, हे कोर्टात सिद्ध कसे करायचे? शेवटी तिला केशतज्ज्ञांकडे पाठवून टाळूच्या मालिशची सोय करण्यात आली.

या ठिकाणी घरातली एक आठवण सांगितली पाहिजे. वर्तमानपत्रात पर्सिसचे ते छायाचित्र छापून आले तेव्हा माझ्या वडिलांच्या आत्या आमच्याकडे राहत होत्या. वय ऐंशीच्या पुढे, तांबडे आलवण, पदराखाली केस नसलेले डोके. बाराव्या-तेराव्या वर्षी विधवा झालेल्या. त्यांच्यासारख्यांसाठी मुंबईतल्या नाभिकांनी १८९० साली संप केला होता, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही म्हणून. नारायण मेघाजी लोखंड्यांची ती चळवळ. पण ती आमच्या खेड्यापर्यंत कुठली पोचायला! आत्याआजींनी पेपर डोळ्यांजवळ धरून ते छायाचित्र बराच वेळ पाहिले आणि हिचा नवरा कधी गेला, असे विचारले. तसे काही नाही, सिनेमासाठी केले, पैसे घेऊन केले, असे वडिलांनी सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावून आत आल्यावर त्यांनी एवढेच विचारले की मग त्या मुलीचे पुन्हा वाढू देतील ना?

अमेरिकेत त्या मुंडणाची चर्चा नवलाई म्हणून झाली. महाराष्ट्रात मात्र बाईच्या भादरलेल्या डोक्याला फार जुना, फार कडू इतिहास होता, आणि पुष्कळ घरांत तो अजून जिवंत बसलेला होता. पर्सिसने ते केले ते स्वत:च्या सहीने, करार वाचून. तिला पाहून आमच्या घरातल्या बायका पहिल्यांदा चपापल्या आणि मग एकमेकींना म्हणाल्या की अशीही दिसते की छान! हे श्रेय तिला कोणी दिले नाही, म्हणून इथे देतो.

‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’ ७ डिसेंबर १९७९ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. योगायोग असा की मर्ल ओबेरॉन दोनच आठवड्यांपूर्वी, २३ नोव्हेंबरला वारली होती. आणखी एक योगायोग म्हणजे जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रहही त्याच वर्षी निघाला, म्हणजे मराठी वाचकही त्या सुमारास परग्रहवासीयांशी ओळख करून घेत होता.

चित्रपटाची गोष्ट अशी. एक अतिप्रचंड ढगासारखी वस्तू वाटेत येईल त्याचा नाश करत पृथ्वीकडे निघाली आहे. तिला अडवायला एंटरप्राइझ निघते. यानावर इलिया रुजू होते, आणि तिथे तिला तिचा पूर्वीचा प्रियकर डेकर भेटतो. त्यांचे काही जुळणार तोच ढगातून आलेला एक विजेचा लोळ इलियाला गिळतो. थोड्या वेळाने ती परत येते. म्हणजे तिच्यासारखी दिसणारी, तिच्या आवाजात बोलणारी एक यंत्रबाई येते. गळ्यात लाल दिवा, डोळ्यांत ओळख नाही. तिच्या तोंडून बोलणारा मालक म्हणजे ढगाच्या पोटातले महायंत्र, व्हीजर. शेवटी उलगडा होतो की हे व्हीजर म्हणजे पृथ्वीवरूनच पूर्वी सोडलेले ‘व्हॉयेजर ६’ हे यान. पाटीवरची मधली अक्षरे धुळीने झाकली गेल्याने त्याचे नावच बदलून गेले. खरी व्हॉयेजर याने दोनच, १९७७ साली सुटलेली. चित्रपट आला त्या वर्षी ती गुरू ग्रहापाशी पोचली होती. सिनेमातले सहावे यान विश्वभर ज्ञान गोळा करून आपल्या निर्मात्याला शोधत परत आलेले आहे.

म्हणजे पर्सिसच्या वाट्याला जिवंत इलिया आली ती मोजक्या मिनिटांची. बाकी सगळा वेळ निर्विकार चेहरा, एका पट्टीतला आवाज. समीक्षकांनी चित्रपट संथ म्हणून झोडपला आणि पर्सिसच्या डोक्याविषयी लिहिले. तिच्या कामाविषयी फारसे कोणी लिहिले नाही. पण त्यात एक प्रसंग आहे. यानावरची डॉक्टरीणबाई त्या यंत्रबाईच्या कपाळावर इलियाचा जुना पट्टा बांधते आणि तिला आरशापुढे उभी करते. ती स्वत:कडे पाहते. चेहऱ्याची एक रेषा हलत नाही, आणि तरी आत खोल कुठेतरी कोणीतरी जागे झाले आहे हे आपल्याला समजते. हळू आवाजात ती डेकरला त्याच्या नावाने हाक मारते, आणि पुढच्या क्षणी दार पुन्हा बंद. केस नाहीत, भुवई उडवायची नाही, हातवारे नाहीत, फक्त डोळे. नटाकडून सगळी साधने काढून घेतल्यावर जे उरते त्यावर तिने हा प्रसंग उभा केला आहे. माझ्या मते तिच्या साऱ्या कारकिर्दीतला हा सर्वोत्तम क्षण.

पैशाच्या दृष्टीने चित्रपट चालला. जगभरात १३ कोटी डॉलरच्या वर गल्ला झाला. विज्ञानपटांसाठी असलेल्या सॅटर्न पुरस्काराच्या नामांकनात पर्सिस उत्कृष्ट अभिनेत्री म्हणून आली. एप्रिल १९८० मध्ये ऑस्करच्या सोहळ्यात पुरस्कार द्यायला ती मंचावर उभी राहिली. तिथे पुरस्कार देणारी ती पहिली भारतीय नागरिक. वय एकतीस. केस पुन्हा येऊ लागले होते.

आणि मग?

मग काही नाही. चित्रपटाच्या शेवटी डेकर त्या यंत्राशी एकरूप होतो, इलियासकट तो प्रकाशात विरून जातो. कॅप्टन कर्क नोंद करायला सांगतो की दोघे बेपत्ता. मेले असेही नाही. गोष्ट सुंदर आहे, पण नटीच्या दृष्टीने पाहा! कर्क परत आला, स्पॉक परत आला, डॉक्टर मॅकॉय परत आला. १९८२ ला दुसरा चित्रपट, ८४ ला तिसरा, ८६ ला चौथा. इलियाला परत यायला गोष्टीत जागाच नव्हती. मालिका झाली असती तर ती पाच वर्षे जगली असती. चित्रपट भव्य झाला, म्हणून तिला पहिल्याच भागात संपावे लागले.

स्पॉकचे काम करणारे लिओनार्ड निमॉय हेही या भूमिकेच्या कैदेत सापडलेले. त्यांनी १९७५ साली आपण स्पॉक नाही अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले आणि वीस वर्षांनी, १९९५ मध्ये, आपण स्पॉकच आहोत असे सांगणारे दुसरे. भांडायला, रुसायला आणि शेवटी समेट करायला त्यांच्यापाशी तो स्पॉक होता तरी. पर्सिसने भांडण कोणाशी करायचे?

दुसऱ्या चित्रपटाचा खलनायक होता खान नूनियन सिंग. मूळ मालिकेत १९६७ साली येऊन गेलेला हा खान उत्तर हिंदुस्थानातला, बहुधा शीख, असा सांगितलेला आहे. त्याचे काम केले मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मॉन्टालबान यांनी, आणि झकास केले. पण गंमत बघा, भारतीय पात्र मेक्सिकन नटाला आणि भारतीय नटी परग्रहावरच्या पात्राला! १९८३ च्या ‘ऑक्टोपसी’ या बाँडपटातल्या नायिकेसाठी पर्सिसचा विचार झाला होता. हा बाँडपट उदयपूरच्या सरोवरात चित्रित झाला, त्यात आपले कबीर बेदी होते, टेनिसपटू विजय अमृतराज होते. नायिका मात्र झाली स्वीडनची मॉड ॲडम्स. हॉलिवूडला तेव्हा पर्सिससारखा चेहरा हवा होता तो कुठला ते न सांगता येणारा चेहरा म्हणून. मुंबईची बाई म्हणून तिला लिहिलेली एकही मोठी भूमिका तिथे कोणाच्या टेबलावर नव्हती.

सगळा दोष हॉलिवूडच्या पदरात टाकणेही बरोबर नाही. १९८१ मध्ये सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या ‘नाइटहॉक्स’मध्ये तिने थंड डोक्याची दहशतवादी स्त्री रंगवली. काम बरे होते. त्यानंतरचा ‘मेगाफोर्स’ म्हणजे उडत्या मोटारसायकलींचा पोरखेळ, आणि ‘वॉरिअर ऑफ द लॉस्ट वर्ल्ड’विषयी न बोललेले बरे. असले चित्रपट स्वीकारायला नको होते असे आपण इथे खुर्चीत बसून म्हणू शकतो. पण तिच्यावर त्या वेळी काय गुदरले होते तेही पाहिले पाहिजे. १९८० साली जर्मनीत तिच्या मोटारीला भीषण अपघात झाला आणि डोक्यावर मोठा व्रण राहिला. ज्या डोक्याने तिला नाव मिळवून दिले त्याच डोक्यावर! १९८३ मध्ये हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ती पस्तिशीच्या आत होती. बाई एकटी, परक्या देशात, दवाखान्याची बिले अमेरिकेची. अशा वेळी समोर येईल ते काम माणूस घेतो.

१९८५ च्या सुमारास ती मुंबईला परतली. ‘शिंगोरा’ नावाच्या हिंदी कामात ती दिसली. १९९३ मध्ये सुपरमॅनवरच्या एका अमेरिकन मालिकेत पाहुणी म्हणून येऊन गेली. मुंबईच्या सिनेमाने तिला काय द्यायचे ते कधीच ठरवले नाही. आधी ती जास्त पाश्चात्त्य होती, मग ती जास्त प्रसिद्ध झाली, मग चाळिशी आली. दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ची जुनी मालिका लागायची तेव्हा आमच्या बिल्डिंगमधली मुले दर रविवारी त्यात ती टकलू मुंबईवाली शोधत. ती त्यात नव्हतीच, ती आली होती दहा वर्षांनी. पण मुलांना हे कोण सांगणार?

शेवटच्या वर्षांत तिने एक काम मनापासून केले. माजी मिस इंडियांवर ‘प्राइड ऑफ इंडिया’ नावाचे देखणे पुस्तक काढले, १९९७ साली. १९९४ मध्ये सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांनी जगाचे दोन्ही मुकुट एकाच वर्षी आणल्यापासून सौंदर्यस्पर्धांना सोन्याचे दिवस आले होते. पर्सिसने त्या उत्साहात आपल्या वेळच्या, विसरल्या गेलेल्या मुलींनाही पुन्हा ओळीत आणून उभे केले. सौंदर्यस्पर्धांविषयी कोणाचे मत काय असेल ते असो, मलाही त्यांचे फार कौतुक नाही. पण ही बाई स्वत:च्या बेपत्ता होण्यावर पुस्तक लिहू शकली असती. तिने इतरजणींची नोंद केली. पुस्तक मदर तेरेसांना अर्पण केले आणि त्याचे मानधन त्यांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीला दिले. त्याच वर्षी सप्टेंबरात मदर गेल्या.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये छातीत दुखते म्हणून पर्सिसला दक्षिण मुंबईतल्या रुग्णालयात नेले. १८ ऑगस्टला हृदयविकाराच्या झटक्याने ती गेली. पन्नासावा वाढदिवस दीड महिन्यावर होता. त्या सुमारास हिंजवडी म्हणजे पुण्याजवळचे म्हातोबाचे गाव, भोवती शेते, आणि संगणकाच्या कंपन्या येणार अशी नुसती कुणकुण. माझा भाचा तेव्हा पाळण्यात होता.

दिवाळीच्या त्या रात्री आम्ही दोघांनी तो चित्रपट पुन्हा पाहिला. रॉबर्ट वाइज यांनी २००१ साली, वयाच्या ऐंशीच्या पुढे, तो पुन्हा संकलित केला होता, आणि २०२२ मध्ये तो नव्याने झळझळीत करून काढला गेला, तो. आरशाचा प्रसंग आला तेव्हा भाच्याने चित्र थांबवले. थोडे मागे नेऊन पुन्हा लावले. मग त्याने मला एक गोष्ट सांगितली, जी मला ठाऊक नव्हती. १९८७ साली ‘स्टार ट्रेक’ची दुसरी मालिका निघाली. तिच्यात रायकर नावाचा अधिकारी आणि दुसऱ्याच्या मनातले ओळखणारी डियाना ट्रॉय असे दोघे आहेत, पूर्वी एकमेकांवर प्रेम केलेले आणि पुन्हा एकाच यानावर भेटलेले. रॉडनबेरीने ही जोडी डेकर आणि इलियावरूनच बेतली होती. कागदावर राहिलेली ती पाच वर्षांची इलिया दुसऱ्या नटीला मिळाली, सात वर्षे चालली, आणि डोक्यावर भरपूर केसांसह.

त्या दोघांचे शेवटी काय झाले, मी विचारले. २००२ च्या चित्रपटात त्यांचे लग्न झाले, तो म्हणाला, आणि त्याने चित्रपट पुढे चालू केला.